डेफिनिशन वाटप: प्रकल्प नोंदी (जून ते ऑगस्ट २०२४)

१८ जून, मंगळवार

कॉलेज कालपासून सुरू. आज सकाळी नऊ वाजता कराडच्या लॅबमधल्या काकांचा फोन: "साहेब, सगळ्या मशीनवर पिवळी पाटी येतीय. व्हायरसची यादी सात दिवसांपेक्षा जुनी आहे म्हणतंय." (ही व्हायरसची यादी म्हणजेच डेफिनिशन.) मी म्हटलं, सुट्टीत मशीन बंद होती, तासाभरात जाईल. दुपारी वाई आणि कोरेगावहून तोच फोन आला. पाटी गेलेली नाही.

आपल्याकडे काय आहे ते आधी लिहून ठेवतो, नंतर येणाऱ्याला उपयोग होईल. मुख्य कार्यालय साताऱ्यात, शाखा पाच: वाई, कराड, पाटण, फलटण, कोरेगाव. लिनक्सवर चालणारी १८६ यंत्रं, त्यातली १५० लॅबची. सगळ्यांवर क्लॅमएव्ही हे अँटिव्हायरस. विद्यार्थ्यांच्या असाइनमेंट अपलोड होतात तो सर्व्हर आणि मेलचं गेटवे यांच्यावरही तेच. शाखा व्हीपीएनने (इंटरनेटवरच्या खासगी बोगद्याने) साताऱ्याला जोडलेल्या आणि इंटरनेटची वाट सगळ्यांची एकच, साताऱ्यातूनच. म्हणजे बाहेरच्या जगाला आपण १८६ यंत्रं दिसत नाही, एकच आयपी पत्ता दिसतो.

हे शेवटचं वाक्य मी सवयीने लिहिलं होतं. संध्याकाळी लॉग पाहिल्यावर कळलं, दुखणं तिथंच आहे.

१९ जून, बुधवार

फ्रेशक्लॅमचा लॉग (डेफिनिशन आणणारा प्रोग्राम तो हाच): त्रुटी ४२९ ('फार वेळा मागताय'). क्लॅमएव्हीच्या सीडीएनने (फायली वाटणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्याने) आपल्याला रोखलंय. संदेश मोकळा आहे. तासाला एकदापेक्षा जास्त चौकशी करू नका. एका नेटवर्कवर दहापेक्षा जास्त यंत्रं असतील तर स्वतःचा मिरर (त्याच फायलींची प्रत ठेवणारा सर्व्हर) उभारा. आणि सवलत मागायला तिकीट टाकू नका, मिळणार नाही. इतकं स्पष्ट बोलणारा एरर मेसेज क्वचित भेटतो. चूक त्यांची नाही.

पूर्वी क्लॅमएव्हीचं वाटप स्वयंसेवी मिररांवर चालायचं. कुठलं विद्यापीठ, कुठली होस्टिंग कंपनी आपल्या सर्व्हरवर जागा द्यायची, आणि प्रत्येक देशाचं वेगळं नाव असायचं. आपल्या जुन्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) भारताचं ते नाव अजून कॉमेंट करून, म्हणजे बंद करून, ठेवलेलं सापडलं. आता वाटप क्लाउडफ्लेअरच्या सीडीएनवरून होतं. २०२१ च्या मार्चमध्ये लोकांनी तेही इतकं उपसलं की मर्यादा घालाव्या लागल्या. त्यात रोज नव्याने जन्मणारे कंटेनरही (कामापुरती उभी करून टाकून द्यायची सॉफ्टवेअरची खोकी) होते. उठला की पूर्ण डेटाबेस ओढायचा, संध्याकाळी मरायचा, उद्या परत.

आपण कंटेनर वापरत नाही, म्हणून हसलो होतो. दोन दिवस थांबून हसायला हवं होतं.

२१ जून, शुक्रवार

कारण सापडलं. लॅबची यंत्रं 'फ्रीझ' केलेली आहेत. मुलांनी काहीही उद्योग केले तरी रीस्टार्टला मूळ इमेज (डिस्कची जशीच्या तशी प्रत) परत येते. ती इमेज आम्ही दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबर २०२३ ला बनवली. आत डेफिनिशनही तेव्हाच्याच.

म्हणजे रोज सकाळी १५० यंत्रं नोव्हेंबरमध्ये जागी होतात. डीएनएसला (इंटरनेटवरच्या नावांच्या वहीला) विचारतात, 'ताजी आवृत्ती कितवी?' (हे क्लॅमएव्हीचं मला आवडतं. फाइल ओढण्याआधी डीएनएसच्या एका टेक्स्ट नोंदीत आवृत्ती क्रमांक पाहतात. प्रश्न काही बाइटांचा.) उत्तर सात महिने पुढचं येतं. एरवी आवृत्त्यांमधल्या फरकाच्या लहान फाइली ओढून काम भागतं, पण इतकं अंतर पडल्यावर फ्रेशक्लॅम सरळ पूर्ण 'डेली' फाइल मागतो. सुमारे ६० एमबी. गुणिले १५०. एका पत्त्यावरून, नऊ ते साडेनऊच्या दरम्यान, ९ जीबीची मागणी, तीही रोज तीच फाइल. सीडीएनच्या जागी मी असतो तर मीही दार लावलं असतं.

आणखी एक गंमत. ४२९ आला की फ्रेशक्लॅम 'अमुक वेळेपर्यंत थांबायचं' हे एका लहान फाइलमध्ये लिहून ठेवतो. त्याच फाइलमध्ये यंत्राची स्वतःची ओळख, म्हणजे एक लांबलचक क्रमांक असतो. आमच्या यंत्रांना शिक्षा लक्षातच राहत नाही, कारण रीस्टार्टला ती फाइल जाते. आणि दीडशेच्या दीडशे यंत्रं एकच ओळख सांगतात, कारण ती इमेजसोबत छापली गेली. एकाच नावाची दीडशे पोरं, रोज मार खाऊन दुसऱ्या दिवशी त्याच दारात.

सर्वात वाईट बाब वेगळीच. आमचा डॅशबोर्ड सहा महिने हिरवा होता. तो फक्त फ्रेशक्लॅम चालू आहे का ते पाहायचा, डेटाबेसची तारीख कधी पाहिलीच नाही. ते स्क्रिप्ट माझंच.

२६ जून, बुधवार

सरांसोबत बैठक. ठरलेलं:

साताऱ्यात एक मूळ मिरर. क्लॅमएव्हीवाल्यांनीच दिलेलं सीव्हीडीअपडेट हे पायथनचं साधन त्यावर चालेल. बाहेर जाणार ते एकटं. प्रत्येक शाखेत एक छोटा डबा, त्यावर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, कॅश म्हणून (एकदा आणलेली फाइल जपून ठेवून परत द्यायला). शाखेतली यंत्रं फक्त आपल्या डब्याशी बोलणार. थोडक्यात, घरगुती सीडीएन.

सरांनी विचारलं, "साताऱ्यातच मिरर असेल तर शाखेत डबा कशाला?" रास्त प्रश्न. पाटणची लाइन १० एमबीपीएसची. ६० एमबीला लाइन पूर्ण मोकळी असेल तरी ४८ सेकंद. तिथं ३० यंत्रं, म्हणजे २४ मिनिटं लाइन गच्च. त्याच वेळी ऑफिसात प्रवेशाचे फॉर्म भरायचे असतात. डबा असला की ४८ सेकंदांत विषय संपतो, पुढचं सगळं लॅबच्या आतल्या स्विचवर.

डब्यांसाठी खरेदी नको म्हणाले. भंगारात काढलेले पाच जुने डेस्कटॉप आहेत. चालतील.

२ जुलै, मंगळवार

मूळ मिरर चालू. सीव्हीडीअपडेटने 'मेन', 'डेली' आणि 'बाइटकोड' तिन्ही आणल्या. 'मेन' ची आवृत्ती ६२, सप्टेंबर २०२१ ची. दीडशे एमबीच्या वर वजन आणि तीन वर्षं होत आली तरी हललेली नाही. बदल होतात ते 'डेली' मध्ये.

फायली उघडून पाहिल्या. सीव्हीडीचे (डेफिनिशनच्या फाइलचा हा प्रकार) पहिले ५१२ बाइट साध्या मजकुराचे असतात: नाव, बनवल्याची तारीख, आवृत्ती, सिग्नेचर (व्हायरस ओळखायच्या खुणा) किती, किमान कुठलं इंजिन लागेल, आतल्या गाठोड्याचा एमडी५ (मजकुरावरून काढलेला तपासणी-आकडा) आणि डिजिटल सही. त्यापुढे नुसतं टार-जीझिप, म्हणजे दाबून बांधलेलं गाठोडं. मेनच्या कपाळावर ६६,४७,४२७ सिग्नेचर लिहिलेल्या आहेत. वाण्याच्या पोत्याला चिठ्ठी शिवलेली असते तसं हे कपाळ. सही फाइलच्याच आत असल्यामुळे मधल्या डब्यावर आंधळा विश्वास ठेवावा लागत नाही. पाटणच्या डब्यात कुणी फाइल बदलली तर यंत्र ती घेणारच नाही. मात्र जुनी, खरी सही असलेली फाइल महिनाभर देत बसला तर सही ते पकडणार नाही. त्यासाठी सात दिवसांची पिवळी पाटी आणि आता डॅशबोर्डवर तारीख.

डॅशबोर्ड बदलला. १५० लाल ठिपके. बघवत नाही, पण खरं आहे.

५ जुलै, शुक्रवार

वाईचा डबा लावला. यंत्रांच्या कॉन्फिगमध्ये 'प्रायव्हेट मिरर' म्हणून डब्याचा पत्ता दिला. ही ओळ दिली की फ्रेशक्लॅम डीएनएसला विचारत नाही आणि फरकाच्या फाइलीही मागत नाही. थेट मिररला विचारतो, 'अमुक वेळेनंतर बदललीय का?' नसेल तर ३०४ ('बदल नाही'), विषय संपला. बदलली असेल तर पूर्ण फाइल. लॅबच्या आत ६० एमबी म्हणजे काही नाही.

दुसरा मार्ग होता: डब्याला साधा मिरर म्हणून देणं आणि फरकाच्या फाइली वापरणं. त्यात डीएनएस बाहेरचं राहतं. बाहेर नवी आवृत्ती जाहीर झाली आणि आपल्या डब्यात कालचीच असली की यंत्र कुरकुरणार. आपण मुद्दाम थोडं मागे राहू असं मला वाटतंय (का ते नंतर), म्हणून प्रायव्हेट मिरर.

दुपारी वाईच्या मॅडमचा फोन: "लॉगमध्ये ४०४ च ४०४ आहेत." ४०४ म्हणजे 'फाइल सापडली नाही'. घाबरण्यासारखं नाही. प्रायव्हेट मिरर असला की फ्रेशक्लॅम आधी सीएलडी या प्रकारची फाइल मागतो, ती नसली की सीव्हीडी. आपल्याकडे सीएलडी नसतातच. मॅडमना सांगितलं, दार वाजवून पाहतो आणि मग खिडकीतून येतो. पटलं असावं, हसल्या.

९ जुलै, मंगळवार

माउलींची पालखी जिल्ह्यात. फलटणला गाडी न्यायची सोय नाही, तो डबा पुढच्या आठवड्यात. कराड आणि कोरेगाव झाले.

वाईची यंत्रं एक दिवस मागे पडतायत. तासभर शोधलं. कॅशची मुदत मी सगळ्या फायलींना सरसकट २४ तास दिली होती. मिररवर दुपारी नवी डेली येते आणि वाईचा डबा काल दुपारचीच पाजतो. डेलीचं नाव बदलत नाही, आतला माल बदलतो. अशा फाइलला लांब मुदत देणं म्हणजे कालचा पेपर आजच्या तारखेला विकणं. डेलीला १० मिनिटं केली, मेनला आठवडा.

डब्यावर 'कॅश लॉक' पण चालू केलं. तीस यंत्रांनी एकदम मागितलं की डबा साताऱ्याकडे एकच मागणी पाठवतो, बाकीचे एकोणतीस रांगेत. आधी हे बंद होतं. कराडला सकाळी नऊ वाजता एकाच फाइलसाठी बावीस मागण्या साताऱ्यापर्यंत आल्या, म्हणजे सीडीएनला दिलेला त्रास आपण आता स्वतःला देत होतो.

१२ जुलै, शुक्रवार

आज खरी गडबड. सकाळी ११:४० ला कोरेगावच्या आठ यंत्रांवर 'डेटाबेसची खात्री पटत नाही, एमडी५ जुळत नाही'. डब्यातली फाइल हातात घेतली, आकार ४१ एमबी. अर्धवट.

कारण मी. सीव्हीडीअपडेट फायली एका फोल्डरमध्ये आणतं. तिथून वेबच्या फोल्डरमध्ये नेताना मी आरसिंकला (फायली नकलणाऱ्या प्रोग्रामला) 'जागेवरच लिही' असा पर्याय दिला होता. फाइल अर्धी लिहून झाली आणि नेमक्या त्या क्षणी कोरेगावच्या डब्याने उचलली. वर दहा मिनिटं जपून ठेवली. त्या दहा मिनिटांत आठ यंत्रांनी मागितली.

नुकसान शून्य. फ्रेशक्लॅम आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरवतो, सही तपासतो, लोड करून पाहतो आणि मगच जुनी फाइल बदलतो. कुणीतरी खूप आधी माझ्यासारख्या माणसाचा विचार करून ठेवला आहे.

आता नवी पद्धत: प्रत्येक वेळी नवं फोल्डर, सगळं लिहून, तपासून झालं की 'चालू' नावाची सिमलिंक (फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण) त्याच्याकडे वळवायची. वळवणं एका क्षणात होतं, अर्धवट काही दिसतच नाही. जुनी तीन फोल्डरं ठेवायची.

१६ जुलै, मंगळवार

फलटण झालं. पाटणही, डबा एसटीने पाठवला, तिथल्या काकांनी फोनवर ऐकत लावला. उद्या आषाढी आणि मोहरम एकाच दिवशी, सुट्टी.

इमेजचं काम या सगळ्याहून महत्त्वाचं होतं आणि सर्वात सोपं निघालं. डेटाबेसचं फोल्डर फ्रीझ न होणाऱ्या लहान पार्टिशनवर हलवलं, ओळख-फाइल इमेजमधून पुसली. आता यंत्र नोव्हेंबरमध्ये जागं होत नाही. हे आधी केलं असतं तर डब्यांची घाई लागली नसती, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

चार यंत्रं अशी सापडली की ज्यांच्यावर क्लॅमएव्ही ०.१०१ आहे. ही आवृत्ती केव्हाच निवृत्त, सीडीएन तिला ४०३ ('परवानगी नाही') देतं. आपला डबा कुणाची आवृत्ती विचारत नाही, त्यामुळे आता त्यांनाही डेफिनिशन मिळतायत. हे चांगलं की वाईट? वाईट. जुन्या इंजिनला नवी यादी देऊन आपण फक्त लाल ठिपका हिरवा करतो. डब्यावरून त्यांना बंद केलं.

१९ जुलै, शुक्रवार

सकाळी अकराच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या पडद्यांचे फोटो यायला लागले. बँका, टीव्ही वाहिन्या, विमानतळ. दुपारपर्यंत हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासचा फोटो सगळीकडे. कारण क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं अपडेट. नवं सॉफ्टवेअर नाही, डेफिनिशनच्याच जातीची एक कंटेंट फाइल, चॅनल फाइल २९१. विंडोजवर वाचली गेली की मशीन कोसळतं आणि पुन्हा पुन्हा कोसळत राहतं.

आपल्याकडे ते उत्पादन नाही. तरी सरांचा फोन आलाच, "आपलं काय?" आपलं काही नाही, म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र बसून राहिलो. महिनाभर मी एकाच गोष्टीमागे लागलोय: फाइल सगळ्यांपर्यंत लवकर कशी पोचेल. आज जगात ती फार लवकर पोचली.

२० जुलै, शनिवार

वेळा पाहिल्या. फाइल सोडली ०४:०९ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळ), म्हणजे आपल्याकडे ९:३९. मागे घेतली १०:५७ ला. ७८ मिनिटं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख यंत्रं. मागे घेऊन उपयोग नाही, कारण कोसळलेलं यंत्र नवी फाइल आणायला जागंच राहत नाही. माणसाने समोर जाऊन सेफ मोडमध्ये ती फाइल पुसायची.

हे पहिल्यांदा नाही. २१ एप्रिल २०१० ला मॅकअ‍ॅफीच्या ५९५८ क्रमांकाच्या अँटिव्हायरस डेफिनिशनने विंडोज एक्सपी एसपी३ चं स्वतःचं एसव्हीसीहोस्ट (सिस्टिमचाच एक आवश्यक प्रोग्राम) व्हायरस ठरवून टाकलं होतं. तेव्हा मशीन रीस्टार्ट होत राहिली आणि नेटवर्क गेलं. कारण वेगळं, वाटपाची चूक तीच: सगळ्यांना एकदम.

५ तारखेला 'मुद्दाम थोडं मागे राहू' लिहिलं होतं, तेव्हा मनात अंधुक होतं. आज स्पष्ट केलं. सिमलिंक एक नाही, दोन. 'चाचणी' आणि 'चालू'. नवी डेली आधी चाचणीला. साताऱ्यातली दोन यंत्रं फक्त चाचणीवरून घेतात. ती तीन गोष्टी तपासतात: क्लॅमडी (सतत चालू राहून स्कॅन करणारा क्लॅमएव्हीचा प्रोग्राम) नव्या यादीसह उभा राहतो का, आयकारची ६८ अक्षरांची निरुपद्रवी नमुना फाइल (अँटिव्हायरस तपासायलाच बनवलेली) पकडतो का, आणि स्वच्छ फायलींच्या एका ढिगात काहीही पकडत नाही ना. तिन्ही बरोबर असतील तर दोन तासांनी 'चालू' वळतं.

२३ जुलै, मंगळवार

स्वच्छ ढीग जमवायला परीक्षा विभागाकडून जुन्या फायली मागितल्या. गुणपत्रिका, आसनव्यवस्था, पगारपत्रकांचे रिकामे नमुने. पहिल्याच चाचणीत १७ फायली 'संशयित'. छातीत धस्स झालं. पाहिलं तर सगळ्या मॅक्रो (आत लिहिलेले छोटे प्रोग्राम) असलेल्या एक्सेल, आणि मॅक्रो दिसला की ओरड, ही सेटिंग आपणच मेल गेटवेवरून उचलून इथं चिकटवलेली. परीक्षा विभागाच्या मॅडमचा वीस वर्षांचा संसार त्या मॅक्रोंवर चालतो. चाचणीच्या यंत्रांवर ती सेटिंग बंद, गेटवेवर चालू.

२६ जुलै, शुक्रवार

पाटणला दोन दिवस धुवांधार. लाइन कालपासून बंद. डब्याने साताऱ्याशी संपर्क नसतानाही परवाची फाइल देत राहायला हवं होतं. राहिला. 'वरचा मिळाला नाही तर शिळं चालेल' हा पर्याय मी दिला होता. काकांना कळलंही नाही. लाइन नाही हे मात्र त्यांनी मला चार वेळा कळवलं.

क्राउडस्ट्राइकचा प्राथमिक अहवाल आला आहे. यापुढे अशा फायली टप्प्याटप्प्याने सोडू, म्हणतायत.

३० जुलै, मंगळवार

अपलोड सर्व्हर दुपारी मेला. मेमरी संपली, कर्नलने (सिस्टिमच्या गाभ्याने) क्लॅमडीला मारलं. नवी यादी येते तेव्हा क्लॅमडी जुनी सोडायच्या आधी नवी भरतो, म्हणजे स्कॅनिंग थांबत नाही. पण तेवढा वेळ दोन याद्या मेमरीत. एक यादी जीबीच्या वर, सर्व्हरला मेमरी २ जीबी. इतके दिवस यादी आलीच नव्हती, म्हणून हे लपून राहिलं. वाटप दुरुस्त केलं आणि नवीन जागा दुखायला लागली.

एकाच वेळी भरणं बंद केलं. आता बदलताना थोडा वेळ स्कॅन थांबतो, अपलोड रांगेत राहतात. ४ जीबीच्या पट्टीसाठी अर्ज दिला. अर्जाचा क्रमांक सरांच्या वहीत.

७ ऑगस्ट, बुधवार

क्राउडस्ट्राइकचा सविस्तर अहवाल काल आला, चहाबरोबर वाचला. साच्यात २१ रकाने, आत पुरवलेली मूल्यं २०. एकविसावा वाचायला गेला तर तिथं काही नाही. तपासणारा प्रोग्राम हे पकडायला हवा होता, त्याच्यातच चूक होती. आपल्या चाचणीत यातलं काय पकडलं गेलं असतं? क्लॅमडी उभा राहिला नसता, एवढं नक्की. दोन यंत्रं पडली असती. बाकी १८४ नाहीत.

मग माझ्या चाचणीचीच चाचणी घेतली. चाचणी फोल्डरमध्ये मुद्दाम फाटकी फाइल टाकली. 'चालू' वळलं नाही, मला एसएमएस आला. दुसऱ्यांदा स्वच्छ ढिगातल्या एका पीडीएफच्या हॅशची (फाइलच्या ठशाची) सिग्नेचर स्वतः लिहून टाकली. तेव्हाही वळलं नाही. तिसऱ्यांदा आयकारची फाइलच काढून टाकली, आणि वळलं! स्क्रिप्टला फाइल नसणं आणि फाइल स्वच्छ असणं यातला फरक कळत नव्हता. दुरुस्त.

१४ ऑगस्ट, बुधवार

आठवडाभराचा हिशेब: बाहेरून रोज एक डेली, ६० एमबीच्या आसपास. आधी मागणी ९ जीबीची. ४२९ एकही नाही. १८६ पैकी १८१ यंत्रांची यादी दोन दिवसांच्या आतली. राहिलेली पाच म्हणजे ०.१०१ वाली चार आणि फलटणच्या ग्रंथालयातलं एक, जे कुणी चालूच करत नाही.

चारही यंत्रांना नवी इमेज गणपतीच्या सुट्टीत. मेमरीची पट्टी अजून आलेली नाही. कराडच्या काकांनी डब्यावर कागद चिकटवलाय: 'बंद करू नये. व्हायरसची यादी आत आहे.' शेजारच्या वर्गातली मुलं डब्याला हात लावत नाहीत म्हणे. असू दे.